जोडा चावतो म्हणजे काय?

समुद्रपूर या नावात समुद्र असला तरी वर्धा जिल्ह्यातल्या या तालुक्यात समुद्र नाही; आहे ती कापसाची काळी जमीन. पावसाळ्यात तिच्यात पाय टाकला की चप्पल चिखलात राहते आणि पाय तेवढा वर येतो. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते, आणि बांधावरच्या बाभळीचा काटा पातळ तळाची चप्पल सहज भेदून जातो. अशा मुलखात पायात काय घालायचे हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. तो सोडवण्याची बाजारातली पद्धत मात्र अगदी साधी असते. मुलासाठी जोडा घ्यायला येणारा बाप मुलाला बरोबर आणतोच असे नाही. त्याच्या खिशात पऱ्हाटीची एक काडी असते, मुलाच्या टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत मोजून मोडलेली. दुकानदार ती काडी जोड्याच्या तळावर ठेवतो, वाढत्या अंगाचा विचार करून बोटभर जागा जास्त सोडतो आणि जोडा बांधून देतो.

या काडीला हसण्याचे कारण नाही. जगातले बहुतेक जोडे आजही काडीनेच विकले जातात, फक्त काडीवर आकडे छापलेले असतात. 'सहा नंबर', 'सात नंबर' म्हणजे पायाची लांबी. रुंदीचा, चवड्याच्या घेराचा, बोटांच्या ठेवणीचा त्या आकड्यात पत्ता नसतो. ती उणीव आपण एका वेगळ्याच उपकरणाने भरून काढतो. जोडा पायात घालतो, दुकानात चार पावले चालतो आणि म्हणतो, "चावत नाही, द्या." म्हणजे लांबी मोजते काडी, आणि बाकी सगळे मोजते वेदना.

आता हे वेदनेचे उपकरण ज्याच्याजवळ नाही त्याने काय करावे? आम्हाला असे वाटते की जोड्यांच्या इतिहासातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग या प्रश्नाभोवती घडला, आणि त्याचा एक धागा समुद्रपूरच्या अगदी शेजारून जातो. पण त्याआधी काडीची गोष्ट पुरी करू.

इंग्रजी मापातला जोड्याचा एक नंबर म्हणजे एका इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे ८.५ मिलिमीटर. हा तिसरा हिस्सा आला जवाच्या दाण्यावरून. सुकलेले तीन जव लांबीने एकापुढे एक ठेवले की एक इंच, असा इंग्लंडचा जुना हिशेब होता. आपल्याकडेही कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जवच आहे, पण तिथे आठ जव आडवे, पोटाला पोट लावून मांडले की एक अंगुल होते. वर्गात दोन्ही प्रकार मांडून पाहण्यासारखे आहेत. फ्रान्समध्ये आणि युरोपात इतरत्र जो नंबर चालतो तो दोनतृतीयांश सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटरचा. म्हणून एकाच जोड्यावर कधी ७ आणि ४१ असे दोन आकडे दिसतात आणि गिऱ्हाईक बुचकळ्यात पडते.

माप लांबीचे होते हे एक वेळ ठीक. पण युरोपात सुमारे दोनशे वर्षे डाव्या आणि उजव्या पायाचे जोडेसुद्धा वेगळे नव्हते! सोळाव्या शतकाच्या अखेरीस उंच टाचेचे जोडे आले. जोडा ज्या लाकडी साच्यावर, म्हणजे फर्म्यावर, ताणून बेततात तो टाचेसह डावा-उजवा असा जोडीने कोरणे कठीण आणि महाग. मग एकच सरळ फर्मा करून दोन्ही जोडे त्याच्यावर बेतण्याची रीत पडली. ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत टिकली. जोडा वापरून वापरून पायाच्या वळणाचा होई. तोवर पाय जोड्याच्या वळणाचा होत असे.

याबद्दल पहिल्यांदा नीट आवाज उठवणाऱ्यांपैकी एक होता पेट्रस कॅम्पर हा डच शरीररचनाशास्त्रज्ञ. उत्तम जोडा कसा असावा यावर त्याने १७८१ साली एक प्रबंध लिहिला. कितीही क्षुल्लक विषय घ्या, त्यावर काही मोलाचे लिहिता येते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्याच्या थट्टेतून तो जन्मला असे सांगतात. थट्टेतून आला असेल, पण त्याची तक्रार खरी होती: घोड्यांच्या खुरांची माणसे जेवढी काळजी घेतात तेवढी स्वतःच्या पायांची घेत नाहीत. पुढे झुरिकचा शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर याने १८५८ साली जोड्याच्या योग्य आकारावर एक पुस्तिका लिहिली. तिचे इंग्रजी भाषांतर १८६१ साली निघाले, त्याचे शीर्षक होते 'जोडा का चावतो' अशा अर्थाचे. मायरचे म्हणणे एका रेषेत सांगता येते. टाचेच्या मध्यातून निघून अंगठ्याच्या लांबीवरून जाणारी रेषा निरोगी पायात जवळजवळ सरळ असते. जोड्याचे टोक मात्र मधल्या बोटासमोर काढण्याची पद्धत होती. मग अंगठा इतर बोटांकडे ढकलला जातो, त्याच्या मुळाशी हाड उंचावते, शेजारची बोटे एकमेकांवर चढतात आणि घासणाऱ्या जागी कुरूप होते. दोष पायात नाही, फर्म्यात आहे.

मायरचे ऐकले ते मुख्यतः लष्करांनी, आणि कारण उघड आहे. दुकानात न चावणारा जोडा दहा मैलांच्या चालीनंतर पाठीवर ओझे असताना चावतो, आणि मग शिपाई कामातून जातो. अमेरिकेच्या सैन्यात एडवर्ड मन्सन या डॉक्टरच्या पुढाकाराने सुमारे दोन हजार शिपायांचे पाय अभ्यासले गेले. त्यातून १९१२ साली बोटांना पसरायला जागा देणारा आणि आतली कड सरळ असलेला फर्मा सैन्याने स्वीकारला. जोडा बसवून पाहण्याचा त्यांचा नियम आम्हाला फार आवडला. शिपायाने पाठीवर ४० पौंडांचे, म्हणजे सुमारे १८ किलोचे ओझे घ्यायचे, सगळा भार एका पायावर टाकायचा आणि मग त्या पायाचे माप द्यायचे. बसलेल्या माणसाचा पाय आणि भार घेतलेला पाय हे दोन वेगळे पाय असतात. सव्वीस हाडांची ती कमान भाराखाली थोडी सपाट होते, पाय लांबतो आणि रुंदावतोही.

दुकानदारांनीही विज्ञानाचा आधार घेतला, पण तो असा. १९२० नंतर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये जोड्यांच्या दुकानांत क्ष-किरणांची यंत्रे आली. मुलाने नवा जोडा घालून पाय पेटीत सरकवायचा आणि वरच्या भोकातून स्वतःच्या पायाची हाडे वळवळताना पाहायची. मुले खूश, आयाही खूश. किरणोत्सर्गाचे धोके लक्षात येत गेले तेव्हा १९५७ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने या यंत्रांवर बंदी घातली आणि हळूहळू ती सगळीकडून गेली. धोका तर होताच, शिवाय या यंत्रात जोड्याची कड आणि हाड दिसे. मधल्या मांसावर किती दाब पडतो आहे हे दिसत नसे, आणि प्रश्न तर दाबाचाच होता.

तो दाबाचा प्रश्न समजून घ्यायला आता आपण वर्ध्याकडे वळू.

समुद्रपूर तालुक्यातल्या जामच्या चौरस्त्यावरून एक रस्ता हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. हिंगणघाट हे बाबा आमट्यांचे जन्मगाव, आणि वरोऱ्याला त्यांचे आनंदवन. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ सालीच कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले होते. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करत. १९५१ साली गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन ही संस्था वर्ध्यातच सुरू झाली आणि गावोगाव फिरून रोगी शोधणे, लोकांना समजावणे व औषध देणे या तीन कामांची सांगड तिने घातली. वैनगंगा-वर्धेच्या या पट्ट्यात रोगही होता आणि रोगाशी झुंजणारी माणसेही.

त्याच वर्ध्यात चामड्याचाही एक प्रयोग चालू होता. गांधीजी स्वतः चपला शिवत. त्यांचे मित्र हेर्मान कालेनबाख दक्षिण आफ्रिकेतल्या मारियनहिलच्या मठात जाऊन ही कला शिकून आले, त्यांच्याकडून गांधीजी आणि टॉलस्टॉय फार्मवरची मंडळी शिकली. जनरल स्मट्सना १९१४ साली दिलेली चपलांची जोडी आणि पंचवीस वर्षांनी तिचे परत येणे ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९३४ साली 'हरिजन'मध्ये गांधीजींनी खेड्यातल्या चामडे कमावण्याच्या धंद्यावर लिहिले. कच्चे कातडे परदेशी जाते आणि तयार माल होऊन परत येते, आणि ज्यांच्या हातात हा धंदा आहे त्यांना आपण अस्पृश्य ठरवतो, असा त्यांचा दुहेरी आक्षेप होता. त्याच वर्षाअखेर ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांच्या देखरेखीखाली चर्मालय चालले. मेलेल्या जनावरांचे कातडे तिथे कमावले जाई आणि त्याच्या चपला बनत.

इथे एक गोष्ट बोलून टाकू. पायाच्या आकाराचे बारीक ज्ञान आपल्याकडे नव्हते असे नाही. चांगल्या चर्मकाराच्या नजरेत आणि रापीत ते होते. पण ज्याच्या हातात ते होते त्याला आपण शाळेबाहेर ठेवले, आणि ज्याला लिहिता येत होते त्याने चामड्याला हात लावला नाही. म्हणून कॅम्परसारखा प्रबंध आपल्याकडे झाला नाही, आणि 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण मात्र झाली.

कुष्ठरोग्याच्या पायाकडे पाहिले तर या म्हणीचा गर्व उतरतो. कुष्ठरोगात बोटे झडतात, तळव्याला जखमा होऊन पाय कुजतो, ही रोगाचीच करणी आहे असा समज डॉक्टरांतही होता. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेल्या पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने तो समज तपासला. कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेला हा इंग्रज डॉक्टर रोग्यांच्या रोजच्या हालचाली पाहत बसे. त्याच्या लक्षात आले की जंतू मांस खात नाहीत, ते मज्जातंतूंना इजा करतात. त्यामुळे संवेदना जाते, आणि पुढचे सगळे नुकसान रोगी नकळत स्वतःच करून घेतो. पायात खिळा घुसला तरी तो चालत राहतो. चूल पेटवताना भाजते आणि कळत नाही.

तळव्याच्या जखमा तीन वेगवेगळ्या वाटांनी येतात असे या अभ्यासातून पुढे आले. पहिली वाट सगळ्यांना कळणारी: काटा, काच, खिळा. थोड्या जागेवर एकदम मोठा दाब, आणि कातडी फाटते. दुसरी घट्ट जोड्याची. इथे दाब अगदी कमी असतो, पण तासन्‌तास हलत नाही. त्या जागेचा रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरते. आपल्याला अशा वेळी आधी मुंग्या येतात, मग दुखते, आणि आपण टेबलाखाली गुपचूप जोडा सैल करतो. बधिर पायाला ही सूचनाच मिळत नाही. तिसरी वाट सर्वांत फसवी आहे. एका पावलात इजा होणार नाही एवढाच दाब, पण त्याच जागेवर, हजारो पावले. निरोगी माणूस चालता चालता थकलेल्या जागेवरचा भार नकळत बाजूला घेतो, पाय थोडा तिरका टाकतो, लंगडतो. संवेदना नसलेला माणूस लंगडत नाही. पहिले पाऊल जसे पडले तसेच पाच हजारावे पडते. आतल्या आत ती जागा सुजते, गरम होते आणि एक दिवस फुटते. लंगडणे हीच पायाची राखण असते, हे त्या रोग्यांकडे पाहून कळले.

हे गणित वर्गात फळ्यावर मांडता येते. पन्नास किलोचा माणूस चालताना क्षणभर सगळा भार एका पावलावर घेतो. पाऊल १०० चौरस सेंटिमीटर टेकत असेल तर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. कठीण तळावर टाच आणि चवड्यावरची दोन-तीन उंच हाडेच टेकली, समजा २० चौरस सेंटिमीटर, तर तिथे अडीच किलो. माणूस तोच, वजन तेच. जोड्याने करायचे ते एवढेच, की टेकणारी जागा वाढवायची. ज्याला आपण 'आधार देणारा जोडा' म्हणतो त्याचे मर्म यात आहे.

मग तळ मऊ करावा. पण साधा स्पंज घेतला तर तो भाराखाली पुरता दबतो आणि पाय पुन्हा कठीण जमिनीवर येतो. म्हणून बारीक बंद पोकळ्यांचे रबर वापरात आले. ते दबते, पण तळ गाठत नाही. त्याला 'एमसीआर' म्हणतात, आणि कुष्ठरोगाच्या कामात देशभर त्याच्या चपला झाल्या. मऊ रबरातून बाभळीचा काटा आरपार जाईल, म्हणून खाली जुन्या टायरचा किंवा कडक रबराचा थर. खिळे अजिबात नाहीत, कारण झिजल्यावर ते वर येतात. शिवण आणि चिकटवण. बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, म्हणून टाचेमागे पट्टा. पायाला बँडेज असले तरी बसेल असे वरचे पट्टे कमीजास्त करता येणारे. यात भारी यंत्र नाही की परदेशी माल नाही. रुग्णालयात शल्यचिकित्सकाच्या बरोबरीने आता चर्मकार बसू लागला.

बधिर पायाचा माणूस स्वतः जोडा निवडतो तेव्हा तो हमखास घट्ट निवडतो, असा अनुभव आहे. बरोबर मापाचा जोडा घातला की पायात काही आहे असे त्याला वाटतच नाही. आवळणारा जोडा तेवढा 'जाणवतो'. म्हणून त्याला शिकवावे लागते: मापावर विश्वास ठेव, जाणिवेवर नाही. रोज संध्याकाळी तळवा आरशात पाहा, घालण्याआधी जोड्यात हात घालून खडा चाचपून काढ, नवा जोडा पहिल्या दिवशी तासभरच वापर.

एवढी शहाणी चप्पल, पण अनेकांनी ती घातली नाही. तिचा काळा जाड तळ आणि पट्टे दुरून ओळखू येत. बाजारातून जाताना माणसाआधी त्याचा रोग लोकांना दिसे. पाय वाचवायचा की गावातली जागा वाचवायची, अशी ती निवड होती, आणि घरी चप्पल खुंटीला टांगून अनवाणी हिंडणाऱ्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार आम्हाला वाटत नाही. पुढे तेच रबर नेहमीच्या दिसणाऱ्या चपलांत घालण्याचे प्रयत्न झाले ते यामुळे. १९८० नंतर बहुविध औषधोपचार आला, रोग बरा होऊ लागला. २००५ च्या अखेरीस देशात दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रोगी असे प्रमाण झाले. पण मेलेला मज्जातंतू औषधाने परत येत नाही. बऱ्या झालेल्या माणसाला चप्पल लागतेच. शिवाय जुन्या मधुमेहात पाय असेच बधिर होतात. त्यांच्यासाठी डॉक्टर सांगतात ती मऊ तळाची चप्पल याच कुळातली आहे.

न बोलणाऱ्या पायांचा आणखी एक मोठा वर्ग आपल्यासमोर रोज बसतो. लहान मुलांच्या पायातली पुष्कळ हाडे अजून कूर्चेचीच असतात. अरुंद जोड्यात त्यांचा पाय दुखण्याऐवजी वाकतो, जुळवून घेतो. मूल तक्रार करत नाही याचा अर्थ जोडा बसतो असा नाही. मणिपालच्या उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जोडे वापरणाऱ्यांत सपाट पायाचे प्रमाण ८.६ टक्के, अनवाण्यांत २.८ टक्के. बंद जोडे घालणाऱ्यांत ते सर्वाधिक, चपला-सँडलवाल्यांत कमी. यावरून मुलांना अनवाणी पाठवा असे कोणी काढू नये. अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतूनच शरीरात शिरतो, आणि काटे, काचा, साप आहेतच. एवढेच कळते की बंद, आवळणारा जोडा वाढत्या पायावर लहान वयात चढवण्याची घाई नको. गणवेशात बंद काळे बूटच हवेत हा आग्रह कोठून आला, हे शाळांनी एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांना गणवेशाबरोबर बूट-मोजे देण्याचा निर्णय घेतला. अशा वेळी मापांची यादी करायला वर्गशिक्षकच पुढे येतो, आणि त्याच्या हातात पुन्हा काडीच असते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. आपले पाय पाश्चात्त्य पायांपेक्षा रुंद असतात, असे त्यात दिसले. रुंदी मिळावी म्हणून आपण एक नंबर लांब घेतो. मग जोडा जिथे वाकतो तिथे पाय वाकत नाही, टाच सुटते आणि आपण नाडी आवळतो. त्या पाहणीवरून भारतीय मापांची नवी पद्धत सुचवली गेली, तिला 'भा' हे नाव दिले आहे.

तोवर वर्गात करता येईल ते असे. दुपारनंतर, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, मुलाला कागदावर उभे करावे, दोन्ही पायांवर भार घेऊन. पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढावी. दोन पाय पुष्कळदा सारखे नसतात, मोठा धरावा. रेषेच्या पुढे एक सेंटिमीटर जागा सोडून आकार पुठ्ठ्यावर कापून घ्यावा आणि तो पुठ्ठा जोड्यात सरकवून पाहावा. पुठ्ठ्याची कड वर दुमडली तर तो जोडा अरुंद आहे, नंबर काही असो. या वयात पाय वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, तेव्हा सोडलेली जागा वर्षभरात संपते. पुठ्ठ्यावर तारीख घालून ठेवावी, आणि सहा महिन्यांनी त्याच मुलाला त्याच्यावर पुन्हा उभे करावे.